‘ळ’ गोड असतो का? खळखळ, झुळझुळ आणि घरंगळणं

कराडहून आलेला प्रश्न असा: ‘खळखळ, झुळझुळ, ओहोळ, झुळूक हे शब्द नुसते उच्चारले तरी बरं वाटतं. हा गोडवा ‘ळ’चा का? खळखळ, झुळझुळ, घळघळ, भळभळ यांत नेमका फरक काय? आणि कानाला सगळ्यांत आवडणारा असा तुमचा शब्द कोणता?’

गोडवा ‘ळ’चा असता तर मळमळ, जळजळ, तळतळाट आणि ओंगळ हे शब्दही गोड लागले असते. ‘ळ’चा गुण वेगळा आहे: तो हालचाल चालू ठेवतो. हे अक्षर उच्चारून पाहा. जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, हवा जिभेच्या दोन्ही कडांनी वाहत राहते आणि जीभ झटक्यात पुढे पडते. हवा कुठेच अडत नाही. ‘ट’ म्हणताना जीभ जवळजवळ त्याच जागी लागते, पण हवा पूर्ण थांबते आणि मग सुटते. म्हणून टपटप, खटखट, पटपट यांत प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो, आणि सळसळ, वळवळ, खळखळ यांत एक आवाज संपायच्या आत दुसरा सुरू झालेला असतो.

याची खात्री पावसाच्या शब्दांवर होते. पाऊस टपटप पडतो, रिपरिप पडतो. थेंब सुटा, म्हणून शेवटी ओठ मिटवणारा ‘प’. तेच पाणी जमिनीला लागून वाहू लागलं की शब्द बदलतात: ओघळ, ओहोळ, खळखळ, झुळझुळ. महाबळेश्वरला कितीही पाऊस होवो, तो खळखळ पडत नाही. वेण्णेला मिळायला निघालेलं पाणी खळखळतं. (मुसळधार मधला ‘ळ’ इथे मोजू नये, तो मुसळातला आहे.)

धबधब्याचंही तसंच. रोजच्या बोलण्यात आपण त्या गोष्टीला तिच्या आवाजाचंच नाव दिलं आहे. पाणी खडकावर आपटतं, म्हणून ‘ब’. साताऱ्याहून सज्जनगडावरून पुढे ठोसेघरला गेलं की दोन्ही शब्द एकाच जागी ऐकायला मिळतात: कड्यावरून धबधब, खाली दरीत खळाळ. अखेरची वर्षं सज्जनगडावर काढलेल्या समर्थ रामदासांनी घळीवर कोसळणाऱ्या पाण्यासाठी ‘धबाबा’ शब्द वापरला आहे. ‘धबधब’ म्हटलं की आघात मोजता येतात. ‘धबाबा’त ते एकमेकांत मिसळून सलग पडदा होतो. हीच युक्ती खळखळ आणि खळाळ यांत आहे. मधला स्वर लांबवला की सुट्या आवाजांचा एक प्रवाह होतो. मराठीत असा शब्द नव्याने घडवावासा वाटला तर हा रस्ता पक्का आहे.

आता चार शब्दांचा फरक. ‘ळ’ चौघांत सारखाच, म्हणजे फरक पहिल्या अक्षरात.

झुळझुळ मधला ‘झ’ झाडातला, दातांजवळचा आहे. तो घासत येतो, आपटत नाही, आणि पुढच्या ‘उ’ने ओठ लहान होतात. म्हणून हे पाणी बारीक: उसाच्या सरीत सोडलेलं, पाटाचं. पातळ साडीला झुळझुळीत म्हणतात तेही त्यामुळेच. खळखळ मधला ‘ख’ कोरडा आणि कडक. तो दगड आहे. वाईच्या घाटाखाली उन्हाळ्यात कृष्णेचे गोटे उघडे पडतात तेव्हाचं पाणी खळखळतं. घळघळ मधला ‘घ’ गळ्यातून, जड येतो. पाणी भरून येऊन वरून खाली सुटतं. डोळ्यांतून घळघळा पाणी येतं, खळखळा येत नाही. भळभळ म्हणायला ओठ मिटून फुटावे लागतात, आणि अर्थही फुटण्याचाच: जखम भळभळते. नदी भळभळत नाही, ओढा भळभळत नाही. कवितेत कुणी ‘भळभळणारा झरा’ लिहिला, तर त्या डोंगराला इजा झाल्याचं सांगायचं असेल तरच तो शोभेल.

‘खळखळ’ला दगड लागतात, तसं उथळपणही लागतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण उपदेशासाठी वापरतात, पण आधी ते नदीचं अचूक निरीक्षण आहे. सांगलीत इर्विन पुलाखाली कृष्णा ४५ फुटांच्या धोक्याच्या खुणेवर गेली तरी तिथे खळखळ ऐकू येत नाही. पाणी तळातल्या दगडांच्या खूप वर असतं. त्या पाण्याला आपण लोंढा म्हणतो. पुराच्या वर्णनात ‘खळखळणारी नदी’ लिहिणं ही सर्रास होणारी चूक आहे. (‘खळखळ न करता पैसे दिले’ यातल्या ‘खळखळ’चा अर्थ आढेवेढे असा होतो. तिथेही मुद्दा उथळ, पण आवाज मोठा.)

स्वराचंही काम आहे. ‘इ’ आणि ‘उ’ने आवाज लहान होतो, ‘अ’ आणि ‘आ’ने मोठा: किणकिण आणि खणखण, टिकटिक आणि टकटक. वर्गात पोरं करतात ती चुळबुळ. सगळं गाव करतं ती चळवळ, आणि तिच्यामुळे माजते ती खळबळ. हा नियम शंभर टक्के लागू होत नाही. ‘धुडूम’ मध्ये ‘उ’ असून आवाज भला मोठा आहे. ध्वनिशब्दांत अपवाद असणारच, पण कल स्पष्ट आहे.

हे सगळं एका जागी पडताळायचं असेल तर कराड किंवा सांगलीकडच्या गुऱ्हाळावर काहिलीजवळ, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, उभं राहावं. सुरुवातीला रस पातळ असतो. मळी काढून झाली आणि जळव्याने जाळ वाढवला की तो खळखळतो. पाणी आटत जातं तसा बुडबुडा जड होतो आणि आवाज खदखदीवर येतो. साधारण १०५-१०६ अंश सेल्सिअसला काकवी होते. त्यापुढे ११८ अंशांच्या आसपास घट्ट गुळाची वेळ येते, तोवर काहील रटरटत असते. म्हणजे खळखळ, खदखद, रटरट: आधी न अडणारा ‘ळ’, मग दातांशी हलकेच अडणारा ‘द’, शेवटी टाळूशी ठोस अडणारा ‘ट’. रस जसा दाटतो तशी शब्दातली हवा अडत जाते. गुळव्या अर्थात नुसत्या आवाजावर विसंबत नाही. थंड पाण्यात थेंब टाकून गोळी होते का ते पाहतो. काहील लवकर उतरवली तर ढेप धरत नाही, गूळ पाघळतो. उशीर झाला तर करपतो. स्वयंपाकघरातही हाच क्रम आहे. आमटीला खळखळून उकळी येते, भात खदखदतो, पिठलं रटरटतं. ‘पिठलं खळखळ उकळू द्या’ असं पाककृतीत लिहिलेलं असलं, तर एक तर पिठलं पातळ आहे किंवा शब्द चुकला आहे.

मनाच्या शब्दांतही ‘ळ’ थांबू देत नाही. काळजात धस्स होतं ते एकदाच; हळहळ दिवसभर राहते. तळमळ, कळकळ, मळमळ यांतलं एकही क्षणात संपत नाही.

आता ‘ळ’ आपल्याकडे इतका कसा, ते थोडक्यात. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘अग्निमीळे’ असा ‘ळ’ आहे, पण पुढच्या संस्कृतात तो राहिला नाही. मराठीतला बहुतेक ‘ळ’ वेगळ्या वाटेने आला: दोन स्वरांमध्ये एकटा पडलेला ‘ल’ ‘ळ’ झाला. फल-फळ, शाला-शाळा, धूलि-धूळ, नील-निळा. प्राकृतात जिथे ‘ल्ल’ असा जोड होता तिथे मराठीत ‘ल’ टिकला. तैल प्राकृतात तेल्ल झालं, म्हणून आपण तेल म्हणतो, तेळ नाही. याच नियमातून अशा जोड्या पडल्या की बघत राहावं: वेला पासून वेळ, वल्ली पासून वेल, संस्कृत काल पासून काळ, आणि कल्य-कल्ल पासून आदल्या दिवसाचा काल. ‘काल’ आणि ‘काळ’ दिसायला भावंडं, पण घराणी वेगळी. अरबी-फारसीतून आलेले माल, हमाल, दलाल, गुलाल हा बदल होऊन गेल्यावर पोचले, म्हणून त्यांचा ‘ल’ ‘ल’च राहिला. सांगलीच्या हळदीच्या बाजारात हा इतिहास एका वाक्यात ऐकू येतो: हळदीत ‘ळ’, दलालात ‘ल’.

सातारा-सांगलीच्या गावाकडच्या बोलीतला ‘वंगाळ’ हा त्यातलाच. अमंगळ वरून ओंगळ. आणि इकडे शब्दाच्या सुरुवातीचा ‘ओ’ ‘व’ होतो (ओळख-वळख, ओठ-वठ), म्हणून वंगाळ. पुस्तकी ‘वाईट’ दोन टप्प्यांत बोलून संपतो. ‘वंगाळ’ म्हणताना आवाज नाकात घुमतो, मग तोंड मोठं उघडतं आणि शेवटी जीभ झटकावी लागते. नापसंती सगळ्या तोंडाने व्यक्त होते. प्रमाण लेखनातही हा शब्द मोकळेपणाने वापरावा.

ज्यांचा ‘ळ’ घसरून ‘ल’ होतो त्यांना सरावासाठी ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ याहून चांगलं काही नाही. आधी सावकाश, प्रत्येक वेळी जीभ मागे वळते आहे ना हे पाहत, वेग नंतर. ‘र’ आणि ‘ळ’ पाठोपाठ असल्यामुळे चूक लगेच कळते. भोगीच्या भातातले राळे तेच हे.

शेवटचा प्रश्न आवडत्या शब्दाचा. ओघळणं, निथळणं, विरघळणं, पाघळणं हे सगळेच जवळचे, पण निवड एकच करायची तर घरंगळणं. घ, र, ङ्ग, ळ असा उच्चार तोडून पाहा. ‘घ’ला जिभेचा मागचा भाग घशाजवळ उठतो, ‘र’ला टोक पुढे येतं, ‘ङ्ग’ला पुन्हा मागचा भाग उठतो आणि ‘ळ’ला टोक वळून पुढे फेकलं जातं. मागे, पुढे, मागे, पुढे. शब्द म्हणताना जीभच घरंगळते. अर्थाने तो काटेकोरही आहे: गोल वस्तू हवी आणि उतार हवा. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरून निसटलेला गोटा घरंगळतो, चपटा दगड घसरतो; पाटी कलंडली तर लिंबं घरंगळतात, मेथीची जुडी नाही.