ऑक्सफर्डशायरमधलं डिचली पार्क हे खाजगी घर होतं, मग तिथे कॉन्फरन्सेस कशा सुरू झाल्या? चर्चिलमुळे का?

चर्चिलमुळे नाही, सर डेव्हिड विल्स यांच्यामुळे. त्यांनी 1953 मध्ये ही इस्टेट विकत घेतली, 1958 मध्ये डिचली फाउंडेशन काढलं आणि 1962 पासून तिथे कॉन्फरन्सेस भरायला लागल्या, हेतू मुख्यतः ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांनी निवांत बसून बोलावं हा. घर त्याआधीचं बरंच जुनं, 1720 च्या दशकात लिचफिल्डच्या अर्लसाठी जेम्स गिब्ज या आर्किटेक्टने डिझाइन केलेलं. 1933 मध्ये ते खासदार रोनाल्ड ट्री यांनी घेतलं. चर्चिलचं नाव जोडलं जातं ते यांच्यामुळे, कारण पंतप्रधानांचं चेकर्स हे घर चांदण्या रात्री जर्मन विमानांना वरून सहज दिसेल अशी भीती होती आणि डिचलीभोवती दाट झाडी, म्हणून 1940 ते 42 मध्ये पौर्णिमेच्या आसपासचे काही वीकेंड चर्चिल इथे काढायचे (सोबत सेक्रेटरी, पहारा, सगळा लवाजमा!). फक्त एक, चर्चिलचा संबंध अगदीच नाही असंही म्हणता येणार नाही, युद्धात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे विश्वासू हॅरी हॉपकिन्स त्यांना इथे येऊन भेटले होते, त्यामुळे ब्रिटन-अमेरिका चर्चेसाठी ही जागा शोभतेच.