बिल्ड झालं, पण टेस्ट फेल होऊन राहिली

प्रश्न: ताई, मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सी भाषेतली एक लहान लायब्ररी हायकू ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर पोर्ट करून राहिलो, म्हणजे तिथं चालेल अशी करून राहिलो, लिनक्सवर ती मस्त चालते. इथं आधी लिंकर (कोडचे तुकडे जोडणारं टूल) म्हणे एलपीथ्रेड ही थ्रेडची लायब्ररी सापडत नाही, मग सॉकेटची, म्हणजे नेटवर्कची, फंक्शनं सापडेनात. मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) बदलून बिल्ड तर झालं. पण आता टेस्टमध्ये फाइल नसली तरी लायब्ररी सांगते की दोन अब्जांच्या वर बाइट वाचले, अन् क्रॅश होते. काऊन होत असंल असं? मित्र म्हणतो टेस्ट बंद कर अन् पॅकेज देऊन टाक.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: टेस्ट बंद नको करू रे बाप्पा, तुझ्या पोर्टमध्ये सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे.

लिंकरचं सोपं आहे. हायकूत पीथ्रेड लिबरूट या मूळ सिस्टिम लायब्ररीतच असतं, वेगळं लावायचं काम नाही, आणि सॉकेटसाठी एलनेटवर्क लावायचं. फक्त मेकफाइलमध्ये हायकूचं नाव टाकून अट घालू नको, फंक्शन कुठल्या लायब्ररीत आहे ते बिल्डच्या आधी चालणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टलाच शोधू दे, सोलॅरिस ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांनाही त्याचा फायदा होतो.

आता खरी भानगड. लिनक्सवर ईनोएंट, म्हणजे 'फाइल सापडली नाही' हा एरर, 2 आहे, म्हणून लायब्ररी 'रिटर्न मायनस एररनो' करते (एररनो म्हणजे शेवटच्या एररचा आकडा) आणि बोलावणारा कोड उत्तर शून्यापेक्षा कमी आहे का एवढंच बघतो. हायकूत एरर कोड मुळातच निगेटिव्ह आहेत, हे बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेलं आहे. तिथं ईनोएंट आहे -2147459069. त्याला परत मायनस लावलं की झालं पॉझिटिव्ह, आणि तुझा कोड त्यालाच वाचलेले बाइट समजून बफरच्या बाहेर जातो. लायब्ररी लिहिणाऱ्याची यात काही चूक नाही, पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकात हे आकडे पॉझिटिव्हच असायला पाहिजेत असं लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याला पत्र लिहिशील तर त्या सुरात लिही.

उपाय असा की एक छोटा मॅक्रो कर, एरर पॉझिटिव्ह असेल तर मायनस लावायचा, आधीच निगेटिव्ह असेल तर तसाच द्यायचा. मग ग्रेप मारून, म्हणजे सगळ्या कोडमध्ये शोधून, 'मायनस एररनो' जिथं जिथं आहे तिथं तो लाव, आणि जिथं उत्तराची तुलना 'मायनस ईनोएंट'शी केली आहे तिथंही लाव, ही दुसरी जागा बरेच जण विसरतात आणि मग एरर येतो पण ओळखला जात नाही. हायकूत पॉझिक्स एरर मॅपर नावाची सोय आहे, सगळे एरर पॉझिटिव्ह करून देते, पण ती स्वतंत्र प्रोग्रामसाठी ठीक आहे. लायब्ररीत लावली तर तिला वापरणारा प्रोग्राम निगेटिव्ह धरून बसलेला आणि ही पॉझिटिव्ह देऊन राहिली, असं होतं.

आणि हा पॅच, म्हणजे कोडमधला हा बदल, फक्त हायकूपोर्ट्सच्या (हायकूसाठीच्या पॅकेजांचा संग्रह) रेसिपीसोबत, म्हणजे पॅकेज बनवायच्या सूचनांच्या फाइलसोबत, ठेवून देऊ नको. पुढची आवृत्ती आली की तो पुन्हा बसवावा लागतो, तू नोकरीला लागल्यावर ते कोण करणार? आधी मूळ प्रोजेक्टला पाठव, लिनक्सवर सगळ्या टेस्ट पास होतात हे सोबत दाखव, त्यांनी घेतला तर रेसिपी चार ओळींची उरते. रेसिपीत टेस्टचा भाग असतो, तो नक्की भर.