मुद्दाम की मूर्खपणा? सरकारी धोरणांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : 1876-78 च्या दुष्काळात इंग्रजांनी आपल्या लोकांना मुद्दाम मारलं असं लहानपणापासून ऐकतोय. खरंच मुद्दाम का? (एक वाचक, पंढरपूर)

माणसं मरावीत म्हणून कुणी टेबलाभोवती बसून प्लॅन केला असा अर्थ असेल तर नाही. पण म्हणून सुटका होत नाही त्यांची. रिचर्ड टेंपल हा इंग्रज अधिकारी बघा. 1873-74 ला बिहारात दुष्काळ पडला तेव्हा ह्याच माणसाने ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला आणि भूकबळी फारच कमी गेले. शाबासकी राहिली बाजूला, उलट पैसे उधळले म्हणून साहेबांवर टीकेची झोड. मग जानेवारी 1877 मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्यालाच मद्रास आणि मुंबई इलाख्यात पाठवलं, तेही खर्चाला लगाम घालायला, आणि ह्यावेळी टेंपलने डाग धुऊन काढायचाच चंग बांधला. दुष्काळी कामावरच्या गड्याला रोज एक पौंड धान्य आणि वर एक आणा, बाईला आणि पोरांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. कामंही गावापासून लांब ठेवायची, म्हणजे अगदीच मरायला टेकलाय तोच येईल, 'फुकटे' येणार नाहीत. इथे माझं उत्तर बदलतं. मरण मुद्दाम नव्हतं, पण त्रास मुद्दाम होता. त्रास हीच चाळणी होती आणि तिला ते राजरोस 'टेस्ट' म्हणायचे. पन्नास लाखांच्या वर माणसं गेली, आणि बंदरांतून धान्य बाहेर जातच होतं कारण बाजारात सरकारने ढवळाढवळ करायची नाही हे लिटनचं तत्त्व.

प्रश्न : मला वाटतं सरकारं दुष्ट नसतात, बावळट असतात. दिल्लीत नाहीतर लंडनमध्ये बसलेल्याला गावातलं काय कळणार? (एक वाचक, नाशिक)

हे बऱ्याचदा खरं असतं, मी स्वतः आधी बावळटपणाच गृहीत धरतो. पण मग एक गोष्ट तपासायची, खबर कधी पोचली आणि त्यानंतर काय केलं. 1877 मध्ये खबर पोचली होती. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर (म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे मुख्य अधिकारी) डॉ. कॉर्निश सरकारी नोकरीत राहून ओरडत होते की तुरुंगातल्या कैद्याला यापेक्षा जास्त खायला मिळतं. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी चक्क संप केला, हजारो लोक उपाशीपोटी कामं सोडून निघून गेले, आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावागावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवत होती (गणेश वासुदेव जोशी, न्या. रानडे ही मंडळी, म्हणजे काही बंडखोर नव्हेत, इंग्रजीत शिस्तीत लिहिणारे लोक). मद्रासमध्ये काही महिन्यांनी मजुरी वाढवली, म्हणजे वाढवता येत होती. माहीत नसताना झालेली चूक आणि कळल्यावर चालू ठेवलेली गोष्ट ह्यांना एकच शब्द कसा वापरायचा?

प्रश्न : अमेरिकेत 2018 साली सीमेवर आईबापांपासून पोरं तोडली. ते तर उघड मुद्दाम होतं ना? (एक वाचक, न्यू जर्सी)

हो, इथे फारसा वाद नाही. होमलँड सिक्युरिटी, म्हणजे सीमा आणि अंतर्गत सुरक्षा बघणाऱ्या खात्याचे तेव्हाचे मंत्री जॉन केली मार्च 2017 मध्येच टीव्हीवर म्हणाले होते की लोकांनी येऊ नये म्हणून ताटातूट करायचा विचार चालू आहे. लोकांना दहशत बसावी हाच हेतू, आणि पोरं रडली नाहीत तर दहशत कसली बसणार? जून 2018 मध्ये बोंबाबोंब झाल्यावर ट्रम्पनी आदेश काढून थांबवलं, कोर्टानेही पोरं परत द्या म्हणून सांगितलं, आणि तेव्हा उघड झालं की कुठलं मूल कुणाचं याची धड नोंदच नाही. एकूण पाच हजारांहून जास्त पोरं. आता ही नोंद न ठेवणं दुष्टपणा की गलथानपणा? मला विचाराल तर गलथानपणा, पण कुणाच्या बाबतीत गलथान राहायचं हेही माणूस ठरवतच असतो, करदात्याची फाइल अशी हरवत नाही.

प्रश्न : मग 1972 च्या दुष्काळात आपल्या सरकारनेही लोकांना खडीच फोडायला लावली की. ते क्रूर नाही? (एक वाचक, बीड)

कष्ट होतेच. सुकडी खाऊन उन्हात बसलेल्या बायकांना विचारा. पण रोजगार हमीचा पुढे कायदा झाला (1977 चा, 26 जानेवारी 1979 पासून लागू), त्यात मागेल त्याला काम हा हक्क आहे आणि काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. टेंपलच्या कामावर माणसाने कमी यावं अशी रचना होती, इथे आलेल्याला परत पाठवलं तर सरकार अडचणीत. अंमलबजावणीत जे घोटाळे झाले, खोटी हजेरी वगैरे, त्यावर लिहायला बसलो तर हा अंक पुरणार नाही.

प्रश्न : 1876-78 च्या त्या दुष्काळाबद्दल कुणाला शिक्षा झाली का? (एक वाचक, ठाणे)

नाही. 1880 मध्ये फॅमिन कमिशनचा (दुष्काळ आयोगाचा) अहवाल आला, 1883 मध्ये फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याची नियमावली. लिटनला अर्ल केलं, पुढे पॅरिसला राजदूत. टेंपल तर 1877 मध्येच मुंबईचा गव्हर्नर झाला, म्हणजे ज्यांची मजुरी कापली त्यांच्याच डोक्यावर, आणि नंतर घरी जाऊन पार्लमेंटात निवडून आला.