क्रेडिट रिकव्हरीतून सोडवलेला विषय एनसीएए ग्राह्य धरते का?

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये दहावीला बीजगणितात नापास झालेल्या मुलाने तो विषय क्रेडिट रिकव्हरीतून, म्हणजे नापास झालेला विषय पुन्हा शिकून क्रेडिट मिळवण्याच्या शाळेच्या सोयीतून सोडवला, तर एनसीएए ही तिथल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी संघटना खेळाडूच्या पात्रतेसाठी तो धरते का, असे आपण विचारले आहे. धरते, मात्र नवा अभ्यासक्रम मूळ विषयाच्या तोडीचा असावा लागतो, ऑनलाइन असल्यास शिक्षकाशी नियमित संवाद लागतो, आणि खेळाडूंना वेगळी सवलत न देता शाळेने सर्वांसाठीचे आपले धोरणच पाळलेले असावे लागते. शाळेचा डिप्लोमा मिळाला म्हणजे एनसीएएची पात्रताही मिळाली असे नव्हे, आणि पालकांची गफलत बहुधा इथेच होते. डिव्हिजन १ साठी, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या स्तरासाठी, १६ मुख्य विषयांपैकी (एका विषयाचा वर्षभराचा अभ्यासक्रम म्हणजे एक) १० विषय, त्यांत इंग्रजी, गणित व विज्ञानाचे मिळून ७, बारावी सुरू होण्यापूर्वीच पूर्ण व्हावे लागतात. त्यामुळे हे बीजगणित अकरावीतच उरकलेले बरे.