चारित्र्याचा दाखला आणि शिफारसपत्र

प्रश्न: आमची बाय वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पीएच.डी.साठी अमेरिकेत जायचं म्हणते. विभागप्रमुखांनी दिलेलं शिफारसपत्र एजंटाने ‘यात काहीच नाही’ म्हणून परत केलं. प्रोजेक्टचे सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ ओळखीचे एक आमदारही पत्र द्यायला तयार आहेत. काय करावं? – एक पालक, साखळी

नमस्कार. तुम्ही पाठवलेली प्रत वाचली. ‘नियमित, आज्ञाधारक, चांगल्या घराण्यातली, वर्तणूक उत्तम.’ विभागप्रमुखांवर रागावू नका, त्यांनी मनापासून लिहिलं आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक: चांगली’ लिहायची आपली जुनी सवय, तीच भाषा पुढे कॉलेजात येते. आपल्याकडे असा कागद म्हणजे मुलीबद्दल दिलेला शब्द असतो.

तिकडे पत्र वाचणाऱ्या प्राध्यापकाला वेगळंच हवं असतं. चार-पाच वर्षं ही मुलगी त्याच्या प्रयोगशाळेत राहणार. काम अडलं की ही काय करते, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. ‘आज्ञाधारक’ हा शब्द तिथे उलटा पडतो. सांगितल्याशिवाय हलत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. घराण्याचा उल्लेख तर नकोच. शिवाय अमेरिकन पत्रं सढळ हाताने कौतुक करतात, त्यामुळे नुसतं ‘चांगली विद्यार्थिनी’ तिथे थंड वाटतं. ब्रिटिश पत्राचा सूर त्यामानाने संयमी असतो. जर्मनीत नोकरीच्या दाखल्याची तर एक ठरलेली सांकेतिक भाषाच आहे: ‘त्यांनी प्रयत्न केले’ असं लिहिलं, की जमलं नाही असं समजायचं. तेव्हा एकच मजकूर सगळीकडे पाठवू नका.

आता तुमच्याच पत्रातली एक गोष्ट. तुम्ही सहज लिहून गेलात, की खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या, कोरगुट जातीच्या भातावर काम करताना मातीतल्या खारटपणाचे आकडे तिला पटेनात. नमुने भरतीच्या वेळी घेतले होते हे लक्षात आल्यावर तिने ते बाजूला ठेवले आणि ओहोटी बघून, गुडघाभर चिखलात उतरून, पुन्हा आणले. पत्रात हवं ते हेच! सरांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी एवढा एक परिच्छेद लिहिला, तरी त्या चार विशेषणांपेक्षा वाचणाऱ्याला तिच्याबद्दल जास्त कळेल.

पण पत्र तिने स्वतः लिहू नये. ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि सरांचा हेतूही वाईट नाही, वेळ नसतो म्हणून ते असं म्हणतात. तिकडे मात्र ही फसवणूक मानतात. अर्जातला निबंध आणि शिफारसपत्र एकाच हातचं असलं की ते जाणवतंही. त्याऐवजी तिने सरांना एक पान टिपण द्यावं: काय काम केलं, कुठे चुकलं, कसं सुधारलं, कुठल्या अभ्यासक्रमाला अर्ज करतेय, शेवटची तारीख कोणती. वाक्यं सरांची असू देत. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

अर्जात एक प्रश्न येईल: पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेत 1974च्या कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क आहे. तिने तो सोडावा. विद्यार्थ्याने न पाहिलेल्या पत्रावर वाचणारा अधिक विश्वास ठेवतो. आपल्याकडे पाकीट हातात घेऊन, वाचून, चार झेरॉक्स काढायची सवय, म्हणून हे जड जातं. पण ज्या सरांवर इतकाही भरवसा नाही, त्यांच्याकडे पत्र मागूच नये.

आमदारांचे आभार माना आणि ते पत्र राहू द्या. त्यांनी तिचं काम पाहिलेलं नाही. विभागप्रमुखांनी शिकवलं असेल, तर त्यांनाही वर्गातला एखादा प्रसंग घालून नव्याने लिहायची विनंती करता येईल.

पत्र ऑनलाइन भरायची लिंक विद्यापीठाकडून थेट सरांच्या ईमेलवर जाते. तिथे जीमेल नको, कॉलेजचा पत्ता द्यावा. तो बंद पडला असेल तर आत्ताच ऑफिसात सांगून सुरू करून घ्या. बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबरमध्ये संपते, आणि आपल्याकडे चवथीपासून दिवाळीपर्यंत कोण कधी भेटेल सांगता येत नाही. टिपणाचं पान घेऊन तिने चवथीच्या सुट्टीआधीच सरांना गाठावं.