पोल्का नाचायचा की खेळायचा?

टेक्ससमध्ये राहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. शेजारच्या चेक वंशाच्या आजींच्या तरुणपणीच्या आठवणी त्या मराठीत लिहून काढताहेत. एक वाक्य त्यांनी असं लिहिलं: 'दर शनिवारी रात्री आम्ही डान्स हॉलमध्ये पोल्का डान्स करायला जायचो.' त्यांच्या सासूबाईंनी ते वाचून विचारलं, 'चांगल्या घरच्या आहेत ना गं त्या?' तर 'डान्स हॉल'ला मराठीत काय म्हणावं, आणि आपल्या परकर-पोलक्यातल्या 'पोलकं'चा या पोल्क्याशी काही संबंध आहे का, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, तुमच्या सासूबाईंनी नेमकं दुखणं पकडलं आहे. वाक्यातली माहिती खरी आहे, पण ते वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भलतीच जागा उभी राहते. 'डान्स बार' हा शब्द आपल्याकडे २००५च्या बंदीच्या आधीपासून वर्तमानपत्रांत इतका गाजला, की 'डान्स'च्या पुढे जागेचं कुठलंही नाव जोडलं तरी त्याची सावली पडते. 'नाचघर' त्याहून जुनं आणि त्याहून वाईट. 'नृत्यशाला' म्हटलं की गुरू, घुंगरू आणि परीक्षा डोळ्यांपुढे येतात. तुमच्या आजी जिथे जात होत्या ती जागा या तिन्हींपैकी एकही नाही.

मग ती कशी होती? टेक्ससमध्ये आलेले चेक आणि जर्मन हे मुख्यतः शेतकरी. एकमेकांपासून लांब लांब शेतांवर राहणारे. त्यांनी आपापल्या संस्था काढल्या आणि त्या संस्थांनी हॉल बांधले. चेक लोकांची एसपीजेएसटी ही संस्था १८९७ साली स्थापन झाली. मूळ काम परस्पर विम्याचं: कुणी गेलं तर त्याच्या बायकामुलांच्या हाती पैसे पडावेत. गिरणगावात एकेका गावच्या मंडळाच्या खोल्या असत आणि त्यांचा वर्गणीचा फंड असे, तशातलाच हा प्रकार, फक्त इथे खोलीच्या जागी प्रशस्त लाकडी हॉल. त्यात संस्थेच्या सभा व्हायच्या, त्यांचं कामकाज कितीतरी वर्षं चेक भाषेत चालायचं. तिथेच लग्नाची जेवणं, तिथेच नाटकं, आणि शनिवारी रात्री बँड आणि नाच. जर्मनांच्या व्यायाम मंडळांनी आणि नेमबाजी मंडळांनीही असेच हॉल उभारले. बेलव्हिलचा १८९७चा हॉल तर बहुकोनी आहे, जवळजवळ गोल. पोल्का नाचणाऱ्या जोड्या हॉलभर गोल फिरतात, त्यांना कोपरा आडवा येत नाही. अशा हॉलची जमीन पाहिलीत तर लक्षात येईल की सगळा जीव त्या लाकडी फळ्यांमध्ये आहे; पाऊल सरकावं म्हणून त्यांच्यावर मक्याचं भरड पीठ भुरभुरायचे.

आणि यायचं कोण? सगळं घर. आजोबा, आजी, लेकी, सुना, कडेवरची पोरं. आया बाकांवर बसून कोण कुणाबरोबर नाचतंय ते पाहायच्या. पेंगुळलेल्या मुलांना बाकांखाली नाहीतर भिंतीकडेला पांघरुणं अंथरून निजवायचे, आणि ट्यूबा, ढोल, अकॉर्डियनच्या दणदणाटात ती गाढ झोपायची. आजींच्या लेखनात असा प्रसंग आलाच तर 'ब्लँकेट' लिहू नका. ती हातांनी तुकडे जोडून शिवलेली असत. सरळ 'गोधडी' लिहा.

म्हणून माझा आग्रह असा, की 'डान्स' काढा आणि 'हॉल' ठेवा. मराठीत हॉल हा परका शब्द आता उरलेला नाही. फक्त विभक्ती सांभाळा. 'हॉलमध्ये' म्हटलं तर आपल्या घरातला टीव्ही असलेला हॉल वाटतो. पण 'मुंज घरी नाही, हॉलवर आहे' असं कुणी म्हटलं की शेवटच्या लहान मुलालाही कळतं की कपडे चांगले घालायचेत, दोन्हीकडची माणसं भेटणार आहेत आणि जेवण तिथेच आहे. 'हॉलवर' या एका शब्दात सोयरेधायरे, पंगत, पोरांची पळापळ, सगळं येतं. तुमच्या आजींचा हॉल तसाच होता. 'दर शनिवारी आम्ही हॉलवर जायचो' एवढं लिहिलंत की सासूबाई पुन्हा तो प्रश्न विचारणार नाहीत.

याला आपला देशी शब्दही एक आहे, तो मला फार आवडतो: 'मांड'. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावाची ठरलेली जागा असते, तिथे होळीचे खेळ होतात, बायकांचे धालो आणि फुगड्या होतात. गाव जिथे मिळून नाचतं ती जागा म्हणजे मांड. अर्थाने इतका जवळचा दुसरा शब्द मला सापडलेला नाही. तरीही तुमच्या लेखनात तो वापरू नये असं मला वाटतं. मांड उघड्यावर असतो, त्याला देवाचा मान असतो, तिथे चपला काढून जातात. शनिवारी संध्याकाळी बिअरचे ग्लास घेऊन बसलेल्या टेक्ससच्या शेतकऱ्यांना मांडावर बसवलं तर दोन्ही जागांवर अन्याय होईल.

आता क्रियापद. जागेच्या नावापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते तुम्ही विचारलेलं नाही.

मराठीत 'नाचणे' हे क्रियापद मुळात वाईट नाही. वारकरी नाचतात, वारली पाड्यांवर तारप्याच्या सुरावर बायकापुरुष हात गुंफून नाचतात, वरातीत नवऱ्याचे मामा नाचतात. अडचण 'नाचायला जाणे' यात आहे. बाईबद्दल ते म्हटलं की अर्थ वाकडा होतो, कारण त्यात बघणारे वेगळे आणि नाचणारी वेगळी असं गृहीत धरलेलं असतं. 'डान्स करणे'मध्येही हल्ली गॅदरिंग, स्टेज आणि टाळ्या येतात. मग जिथे बघणारे आणि नाचणारे एकच, तिथे मराठी काय म्हणते? तिथे मराठी 'खेळणे' म्हणते. झिम्मा खेळतात, फुगडी खेळतात, भोंडला खेळतात. टिपऱ्या खेळतात. लेझीम खेळतात. दिंडीत पावली खेळतात. गुजरातेतून आलेला गरबासुद्धा आपण 'खेळायला' जातो. लावणी मात्र कुणी खेळत नाही, कथक तर नाहीच. ही विभागणी कुण्या व्याकरणकाराने ठरवलेली नाही. बोलणाऱ्या बायांनी आणि लेझीमवाल्या पोरांनी ती पिढ्यान् पिढ्या बिनचूक पाळली आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

पोल्का हा खेळायच्या गटातला आहे. दोन मात्रांचा सरळ ठेका, एक छोटी उडी, मग पाऊल, जोड, पाऊल. कोणालाही अर्ध्या तासात जमावा असा. तो कुणाला दाखवायला नसतो. म्हणून 'आम्ही हॉलवर पोल्का खेळायचो' असं बिनधास्त लिहा. पहिल्यांदा कानाला किंचित अडेल, पण दुसऱ्या पानावर वाचणाऱ्याच्या ते अंगवळणी पडेल. जिथे एखादीच जोडी आणि तिच्या गिरक्या यांचं वर्णन असेल तिथे 'नाचणे' ठेवा, आणि सगळा हॉल गोल फिरू लागतो तिथे 'फेर धरला' म्हणा.

लग्नाचं प्रकरण आलं की आणखी दोन शब्द अडतील. टेक्ससच्या चेक आणि जर्मन लग्नांत सुरुवातीला एक जोडपं पुढे होतं, सगळे वऱ्हाडी जोडीजोडीने मागे लागतात, वळणं घेत हॉलभर चालतात आणि शेवटी नवरानवरीला मध्ये घेऊन रिंगण करतात. याला 'वरात' म्हणू नका, वरात रस्त्यावर निघते. 'फेरी' पुरे. दुसरं म्हणजे पाहुण्यांनी पैसे देऊन नवरीबरोबर थोडा वेळ नाचायचं, ही रीत. 'डॉलर डान्स' लिहिलंत तर थेट पहिल्या वाक्याच्या खड्ड्यात पडाल. तो 'आहेराचा नाच' आहे. पैसे नव्या संसारासाठी दिले जातात आणि देणारा प्रत्येक जण ओळखीचा असतो. आहेर आणखी वेगळा काय असतो?

आता पोलकं. संबंध आहे असंच मानतात, आणि मला ते पटतं. पोल्का नाच बोहेमियात, म्हणजे चेक लोकांच्या मुलुखात, १८३०च्या दशकात वर आला. एल्बे नदीकाठच्या एका गावात आना नावाची मोलकरीण गाणं म्हणत एकटीच नाचत होती, तिथल्या शाळामास्तरांनी ते पाहून चाल टिपून घेतली, अशी तिकडची आवडती आख्यायिका. नावाबद्दल दोन मतं आहेत. चेक भाषेत 'पूल्का' म्हणजे अर्धा, त्यावरून अर्ध्या पावलाचा नाच. किंवा 'पोल्का' म्हणजे पोलंडची बाई, १८३०–३१च्या पोलिश उठावाबद्दलच्या आस्थेने दिलेलं नाव. आपल्या कामाचा भाग पुढचा आहे. प्राग, व्हिएन्ना करत नाच पॅरिसला पोचला आणि १८४४च्या सुमारास पॅरिस-लंडनला त्याने अक्षरशः वेड लावलं. शिंप्यांनी आणि कापडवाल्यांनी ते नाव दिसेल त्या मालाला चिकटवलं. बायकांच्या अंगाबरोबर बसणाऱ्या जाकिटाला इंग्रजीत पोल्का म्हणू लागले. ठिपक्यांच्या कापडाला 'पोल्का डॉट' हे नाव मिळालं तेही या नाचामुळेच, नाचात ठिपके कुठेच नाहीत.

ते जाकीट इंग्रजांबरोबर इकडे आलं आणि गाठीच्या चोळीशेजारी गुंड्यांचं, कमरेपर्यंत येणारं 'पोलकं' दिसू लागलं. गुजरातीत ते 'पोलकुं', छत्तीसगढीत 'पोलखा', आणि सगळीकडे अर्थ बायकामुलींच्या अंगातल्या कपड्याचाच. इतक्या भाषांत एकच शब्द एकाच अर्थाने असावा आणि त्याच्याशी जुळणारा कपडा त्याच शतकात इंग्रजीत त्याच नावाचा असावा, हा योगायोग मला वाटत नाही. मात्र परकर-पोलकं हे ठिपक्यांवरून पडलेलं नाव आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. आपलं पोलकं खणाचं असतं, चिटाचं असतं, ठिपक्यांचं असेल तर तो फक्त कापडाचा प्रकार.

लिहिताना घोळ नको म्हणून नाचाला 'पोल्का' जोडाक्षराने लिहा, कपड्याला 'पोलकं'. नाच पुल्लिंगी, कपडा नपुंसकलिंगी. सामान्यरूप 'पोल्क्याचा ठेका', 'पोल्क्याला रंग चढला' असं करा. 'पोल्काचा' हे छापून येतं, पण 'तबल्याचा' म्हणणाऱ्या जिभेला ते खोटं लागतं. 'पोलक्याची गुंडी' आणि 'पोल्क्याची चाल' बोलताना सारखीच ऐकू येतील, संदर्भाने कळतील.

अकॉर्डियनला 'पेटी' म्हणायचा मोह होईल, कारण दोन्हींत भात्याची हवा आणि धातूच्या पट्ट्याच वाजतात. तरी म्हणू नका, पेटी म्हटलं की वाजवणारा खाली बसतो. हॉलवर खायचे ते गोड पदार्थ मात्र बिनधास्त 'कोलाचे' लिहा. चेकमध्येही एक असेल तर कोलाच, अनेक असतील तर कोलाचे. आजींना बँडची आणि गावांची नावंही विचारून घ्या, श्युलेनबर्ग, फेएटव्हिल, श्यायनर, आणि त्या जशा उच्चारतील तशीच देवनागरीत लिहा.