तारीख आठवत नाही, मग माझा नवा जन्म झाला की नाही?

प्रश्न : ताई, सलाम. मी नागपूरची, वय २९. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला, पुढे मोठेपणी विश्वासाची कबुली देऊन दृढीकरणपण झालं. लग्नानंतर सासरच्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जाते, तिथे साक्षीच्या वेळी, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगताना, सगळे उठून तारीख सांगतात, अमुक दिवशी येशूवर विश्वास ठेवून माझा नवा जन्म झाला म्हणून. मी येशूवर विश्वास ठेवते, रोज प्रार्थना करते, पण तारीख माझ्याजवळ नाहीच. त्यात परवा सासूबाईंना इतकं टाकून बोलले की रात्रभर झोप नाही, पहाटे चहा नेऊन माफी मागितली. मंडळीतली एक बहीण सरळ म्हणाली, तारीख नाही तर तारण नाही, म्हणजे पापातून सुटका नाही. खरंच का हो?

उत्तर : पोरी, माझ्या आईच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना आजोबांना तारीख ठाऊक नव्हती, मग गुरुजींनी टाकली १ जून, तिच्या वयाच्या कितीतरी लोकांची तीच आहे. आजी सांगायची, आंबिया बहाराची संत्री उतरत होती तेव्हा झाली, म्हणजे हिवाळाच ना. आई आजही स्वतःच्या हातानं भाकर थापते, ती जन्मली का असं कोणी विचारत नाही. तू पण लाजेखातर एखादी तारीख पकडून सांगू नको, ती गुरुजींच्या तारखेसारखीच होईल.

बायबलमधलं योहान ३ काढ. रात्री आलेल्या निकदेम नावाच्या यहुदी धर्मशिक्षकाला प्रभू येशू म्हणतो, नव्याने जन्मलं पाहिजे, आणि तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वरून’ असाही होतो, म्हणजे हे काम देवाचं. मग तो वाऱ्याचं उदाहरण देतो, आवाज ऐकू येतो पण कुठून आला ते कळत नाही. दिवस-वार तो विचारतच नाही.

काहींना दिवस आठवतो, त्यांचंही खरंच आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्रज जॉन वेस्ली आधीच पाळक (चर्चचा धर्मगुरू) होता, २४ मे १७३८ ला लंडनमध्ये रात्री पावणेनऊच्या सुमारास त्याला आपल्या तारणाची खात्री पटली, वेळसुद्धा लिहून ठेवली त्यानं, आणि तोच माणूस आठ महिन्यांच्या आत, जानेवारी १७३९ मध्ये डायरीत लिहितो की मी आता ख्रिस्ती नाही! तारीख हातात असूनही शंका आलीच. आपले मराठी कवी ना. वा. टिळक, त्यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसानं नवा करार दिला, १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मन मात्र हळूहळू वळलं, सोवळंओवळं सुटायलाच वर्षं गेली. एकाच घरातले दोघं, प्रत्येकाची वाट वेगळी.

मग खात्री कशावर ठेवायची? येशूच्या शब्दावर. ‘जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही’, योहान ६:३७. तू आलीस ना त्याच्याकडे? आजही येतेस ना? मनाला कधी उबदार वाटेल, कधी कोरडं, तापानं फणफणलीस तर प्रार्थनेचा एक शब्दही सुचणार नाही, पण त्याचा शब्द तसाच राहतो. एक मात्र स्पष्ट सांगते, तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आणि तीन पिढ्यांच्या नावावर टेकू नको. तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याबद्दल मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, त्यात आत्ता शिरत नाही, पण येशूला धरल्याशिवाय नुसता दाखला कोणालाच तारत नाही.

आणि त्या चहाबद्दल. तुला वाटतं भांडण झालं म्हणजे नवा जन्म नाही. अगं, योहानाचं पहिलं पत्र म्हणतं, आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःलाच फसवतो, आणि पुढे म्हणतं, बंधूंवर प्रीती करतो म्हणून आपण मरणातून जीवनात आलो हे आपल्याला कळतं. रात्रभर झोप उडणं आणि पहाटे कप घेऊन सासूबाईंच्या दाराशी उभं राहणं, हे कुठून आलं असं वाटतं तुला? मेलेल्या मनाला असं टोचत नाही.

येत्या रविवारी साक्षीला उठ. म्हण, मला दिवस आठवत नाही, पण मी येशूची आहे, आणि परवा त्यानं मला सासूबाईंची माफी मागायला लावली. त्या समोर बसल्या असतील तर आधी त्यांना विचारून घे.